तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजर का झालो नाही

लग्नात, दहाव्याला, सोलापुरात अशोक चौकात चहा पिताना, कुठंही भेटला की माणूस विचारतोच: "तुमच्या हाताखाली शिकलेला पोरगा आज तुमचाच मॅनेजर. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं. २०१३ साली, आधी मलाच. मी नाही म्हणालो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी जॉबर आहे, तेव्हाही होतो. जॉबर म्हटलं की वडिलांच्या पिढीला वेगळाच माणूस आठवतो. गिरणीत जॉबर म्हणजे दारावर उभा राहून बदली कामगार निवडणारा. त्याची मर्जी गेली की त्या दिवसाचा पगार गेला. आमचा जॉबर तसा नाही. माग बिघडला की लावून द्यायचा, बास.

पण लावणं ही काय चीज आहे ते सांगतो. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच असतात, तळाचा घट्ट आणि फराचा, म्हणजे वरच्या फासांचा, सैल. तीन पिकांच्या (पिक म्हणजे आडवा धागा) टॉवेलात पहिले दोन धागे फणी थोडे अलीकडंच सोडते, आणि तिसऱ्याला तिघांना मिळून पुढं ठोकते. सैल ताण्याचे फास उठतात ते त्या ठोक्याला. सैल ताणा जरा जास्त ओढला गेला की फर बुटकं होतं, आणि ते कापड बघायच्या आधी मला कानाला कळतं. हे माझं सुख. रात्री अकराला गेटबाहेर पडताना माहीत असतं, आज चार माग बंद होते, चारही चालू करून आलो.

त्या वर्षी जुने मॅनेजर ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेले आणि शेठनी खातं माझ्याकडं दिलं. जमलं तर पुढं कायमचं. घरी हिनं लगेच हिशेब मांडला. पगार १४,००० वरून २२,०००. मी म्हटलं, ओव्हरटाइम धर की. तेव्हाच्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर होता, आणि आमच्याकडं तो द्यायचे. मॅनेजरला बारा तास थांबलं तरी काही नाही. फरक राहिला तीन-साडेतीन हजारांचा.

वडिलांनी पैशाचं विचारलंच नाही. गिरणी बंद पडताना ते लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेले. म्हणाले, "कागदावर तू कामगार राहतोस का, ते बघ." १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारा माणूस कामगार धरला जात नव्हता. सुपरवायझर असला आणि पगार तेव्हाच्या १०,००० च्या वर गेला, तर तोही नाही. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती रेषा १८,००० वर गेली आहे. कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. मॅनेजरला नेमणूकपत्रात लिहिलं असेल तेवढंच. बढती घेणाऱ्यानं पेढे वाटायच्या आधी ते पत्र नीट वाचावं, हे मी आजही सांगतो.

तरी मी कायद्याला घाबरून नाही म्हणालो नाही. कारण वेगळं.

त्या दोन महिन्यांत सुताचा भाव चढला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून बशीतून चहा दिला आणि सांगितलं, आठवडाभर निम्मे माग बंद, तू कळव. आमच्या विणकरांना पगार नगावर, जेवढा माल विणला तेवढा. माग बंद म्हणजे चूल अर्धी. आणि हे विणकर कुठं राहतात? पूर्व भागात, माझ्याच गल्लीत. समोरच्या जिन्यावरचा एक जण लहानपणापासूनचा. आम्ही घरात तेलुगू बोलणारे, त्यामुळं तो मला कायम "एम रा", म्हणजे "काय रे" म्हणायचा. त्याला सांगितलं, उद्यापासून तुझे दोन्ही बंद. तो भांडला असता तर बरं झालं असतं. खाली बघून म्हणाला, "सरे, सार." बरं, साहेब.

मॅनेजर परत आले त्या दिवशी मी शेठना सांगून टाकलं, मला माझा पानाच बरा.

गोष्ट मी एवढ्यावरच थांबवतो, आणि लोक "वा, माणुसकी" म्हणतात. पण खरं सांगायचं तर निम्मी भीतीसुद्धा होती. एक्स्पोर्टवाल्यांचे इंग्रजी ईमेल आले की मला घाम फुटायचा, एक्सेलमध्ये एक रकाना पुसायला गेलो की तीन पुसायचे. ते शिकायला मी कधी बसलो नाही. मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा पोरगा तयार होता. डिप्लोमा झालेला, गाठ मारायला मात्र माझ्याकडं शिकलेला.

वाईट वाटतं का? पगाराच्या दिवशी वाटतं. बाकी त्याच्या चुका दिसल्या की बरंच वाटायचं, हेही कबूल करतो. पण एकदा त्यानं मला गप्प केलं.

नारळी पौर्णिमेला आमच्या तेलुगू विणकर समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या दिवशी पूर्व भागातला माणूस मागावर येत नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात कंटेनर लागायचा होता. मी वाट बघत होतो, आता हा खाली येऊन सगळ्यांना "या" म्हणणार. तो आला, पण महिनाभर आधी, आणि फक्त माझ्याकडं. "मामा, बंद पडलेले सहा माग श्रावण लागायच्या आत उठतील का? माल आधी निघाला तर सुट्टीचं शेठशी बोलून घेतलंय." शेठशी बोलून घेतलंय! दोन महिने त्या खुर्चीत बसून मला वाटत होतं निरोप फक्त वरून खाली जातो.

सहातले पाच उठले. सहाव्याचा गिअर आजही आलेला नाही. रथाच्या दिवशी खातं बंद होतं. मिरवणुकीत समोरच्या जिन्यावरचा भेटला, प्रसादाचं खोबरं हातावर ठेवत म्हणाला, "एम रा, तुझ्या पोरानं दिली की सुट्टी."