रद्दीत न गेलेला गठ्ठा

नाशिकला शालिमारच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, झेरॉक्स, जे येईल ते. मी शरणपूरचा, ख्रिस्ती, पणजोबांपासून, आणि हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं एका ख्रिस्ती माणसाने लिहिलंय हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

तर २०२५ चा फेब्रुवारी संपत आला होता आणि माझ्याकडे दोन कामं एकदमच आली होती. एक आमच्या चर्चचं, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या उपासनांचं वेळापत्रक, कारण तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार ५ मार्चला होता. दुसरं चौक मंडईतल्या चाचांचं, रमजानचं टाइमटेबल, सहेरी-इफ्तारच्या वेळा, तेही मार्चच्या सुरुवातीलाच लागणार होतं, फक्त चंद्र दिसायचं बाकी होतं. चाचा दर वर्षी हे छापून मोहल्ल्यात फुकट वाटतात. एकाच कॉम्प्युटरवर एका खिडकीत आमचा उपास आणि दुसऱ्या खिडकीत त्यांचा. आणि गंमत म्हणजे त्यांच्या टाइमटेबलच्या डोक्यावर जी आयत होती, म्हणजे कुराणातली ओळ, सूरह बकरा या अध्यायातली १८३ वी, तिचा अर्थच असा की ईमानवाल्यांनो, तुमच्यावर रोजे फर्ज केलेत जसे तुमच्या आधीच्या लोकांवर केले होते. चाचा मला म्हणाले, "आधीचे म्हणजे कोण, तुम्हीच की."

पाचशे कागद छापून झाले आणि चाचांचा पुतण्या आला. पोरगा हाफिज आहे, आख्खं कुराण पाठ, एकशे चौदा सूरह. त्याने वरच्या कागदावर नुसती नजर टाकली आणि म्हणाला, इथला जेर उडालाय. जेर म्हणजे अक्षराखालची बारीकशी तिरकी रेघ. फाइल त्यांची होती पण माझ्या मशीनवर फॉन्ट बदलला आणि रेघ गेली. मला तर दाखवल्यावरही दिसेना. त्याने मोबाईल काढला नाही, पुस्तक उघडलं नाही, काही नाही.

झालं, परत छापा. आमचा ऑपरेटर, पंचवटीतला पोरगा, वेस्टचा गठ्ठा उचलून रद्दीच्या पोत्यात टाकायला निघाला तर चाचा खुर्चीतून उठलेच. "अरे बेटा थांब, ते नको टाकू. ते मी घेऊन जाणार."

दुसरा लॉट निघून वाळेपर्यंत दीड-दोन तास होते. चहा मागवला. आणि बोलता बोलता आम्ही ज्या विषयावर वीस वर्षं कधी बोललो नव्हतो त्याच्यावर आलो.

सुरुवात गोडच झाली, ती नेहमी गोडच होते. येशूच्या आईपासून, मरियमपासून. चाचा सांगत होते की कुराणात बायकांमध्ये नावानिशी उल्लेख फक्त बीबी मरियमचा, आणि एक सूरह त्यांच्या नावाची, एकोणिसावी. ती मी मराठी भाषांतरात वाचलेली आहे. त्यात गोठा नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. ती बाई एकटी आहे, कळा सुरू झाल्यात, खजुराच्या बुंध्याला टेकलीय आणि म्हणते याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो की दुःख करू नको, पायाशी झरा वाहतोय, झाड हलव, खजूर पडतील. मला ही गोष्ट फार आवडते खरं सांगायचं तर, आमच्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, जन्माचा सगळा थाट आहे, देवदूतांचं गाणं आहे, पण त्या बाईला कळा आल्या हे कुणी लिहिलेलं नाही. पुढे ती बाळ घेऊन लोकांत येते, लोक नको ते बोलतात, ती नुसतं बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं बाळ बोलतं, मी अल्लाहचा बंदा आहे, त्याने मला किताब दिली आणि नबी केलं.

येशूचा कुमारीपासून जन्म, दोघांना मान्य. आजारी बरे केले, मेलेले उठवले, दोघांना मान्य. मसीह, म्हणजे देवाने नेमलेला तारणारा, हा शब्द दोघांचा. शेवटी परत येणार, तेही दोघांना मान्य, चाचांच्या हिशोबाने दमास्कसला पांढऱ्या मिनाराजवळ उतरणार, दज्जालला, म्हणजे शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहाला, मारणार, मग आपलं आयुष्य जगून सगळ्यांसारखे मरणार. आमच्या हिशोबाने परत मरायचा प्रश्नच नाही. तिथून फाटा फुटला.

कारण मग "पुत्र" आलाच. चाचांनी सूरह इखलास म्हटली, लम यलिद व लम यूलद, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. मी म्हटलं चाचा, देवाला बायको होती आणि तिला मूल झालं असं चर्चमध्ये कुणी म्हणत नाही हो, तसं कुणी म्हटलं तर आमचे पाळकच, म्हणजे धर्मगुरूच, त्याला बाहेर काढतील. आणि त्रैक्य म्हणजे देव, मरिया आणि येशू असंही नाही, बऱ्याच लोकांना तसं वाटतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन देव नाही, एकच देव. चाचा म्हणाले, "तीन पण एक. हे तू मला समजावून सांग." मी सांगायला लागलो आणि दोन मिनिटांत अडकलो. ३२५ साली निकियाला बिशप लोकांची परिषद भरली होती ती याच गुंत्यापायी, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की पित्याने निर्माण केलेला, आणि तिथे ठराव होऊनही पुढे कितीतरी वर्षं भांडण चाललंच, तर मी चहाच्या कपावर काय सोडवणार.

तेवढ्यात ऑपरेटर पोरगा मशीनकडून ओरडला, "म्हणजे त्र्यंबकेश्वरासारखं का? एकाच पिंडीत तिन्ही?"

मी आणि चाचा एकदमच म्हणालो, "नाही!" त्या दिवशी आमचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालं नाही. पोरगा हसत परत कामाला लागला.

पण खरं अडलं ते वधस्तंभावर. कुराणात सूरह निसामध्ये आहे, १५७ वी आयत, त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावर दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. आणि पुढे, अल्लाहने त्याला आपल्याकडे उचललं. मला आधी वाटायचं की यात येशूला कमी लेखलंय. चाचांचं बोलणं ऐकलं तर उलटच निघालं. ते म्हणाले, अल्लाह आपल्या एवढ्या मोठ्या नबीला लोकांनी थुंकायला, नागडं करून खिळे ठोकायला सोडून देईल का? त्यांच्या आवाजात राग होता, येशूसाठीचा. मी काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की चाचा, तो शुक्रवार, गुड फ्रायडे, काढला तर आमच्याकडे काही शिल्लकच राहत नाही. आमच्या पहिल्या प्रेषितांपैकी पौलाने करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहिलंय, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. आणि उठायला आधी मरावं लागतं.

मग चाचांनी मोबाईल काढला. ग्रुपवर आलेला व्हिडिओ, बर्नबाचं शुभवर्तमान, चर्चने शेकडो वर्षं लपवून ठेवलेलं वगैरे. त्यात येशूऐवजी त्याला पकडून देणारा शिष्य यहूदा सुळावर जातो. हा व्हिडिओ मी चार जणांकडून पाहिलाय. त्याची जुनी प्रत म्हणतात ती इटालियनमध्ये आहे, सोळाव्या शतकाच्या आसपासची, व्हिएन्नाच्या ग्रंथालयात, लपवलेली वगैरे काही नाही, १९०७ ला तिचं इंग्रजी भाषांतरही छापून आलं. मी चाचांना एकच सांगितलं की त्या पुस्तकात येशू स्वतः म्हणतो की मी मसीह नाही. तुमच्या कुराणात तर ते मसीहच आहेत ना? पुतण्याने मान वर केली, व्हिडिओ बंद झाला. आता आमच्याकडचे फॉरवर्ड काय दर्जाचे असतात त्याबद्दल मी गप्प बसतो, आमच्या घरातल्याच एका ज्येष्ठांना मी म्यूट केलेलं आहे.

यानंतर जे झालं ते माझ्या धंद्यातलं होतं म्हणून मला त्यात जास्त मजा आली. पुतण्या म्हणाला, तुमच्यात चार इंजील, म्हणजे शुभवर्तमानं, का? मत्तय, मार्क, लूक, योहान. ईसा अलैहिस्सलामना, म्हणजे येशूला, किताब एक मिळाली, मग ती कुठेय? मी म्हटलं आमचं तसं म्हणणंच नाही. येशूला वरून पुस्तक मिळालं असं आम्ही मानत नाही, त्याने स्वतः काही लिहिलं नाही, त्याच्या मागे त्याच्या माणसांनी त्याच्याबद्दल लिहिलं, आत्म्याच्या प्रेरणेने पण आपापल्या हाताने. तो म्हणाला म्हणूनच बदल झाले. मी म्हटलं चौथ्या शतकातली हस्तलिखितं आजही आहेत, एक व्हॅटिकनमध्ये, एक मोठी लंडनला, म्हणजे तुमच्या पैगंबरांच्याही आधीची, आणि मजकूर आज आहे तोच आहे बहुतेक. त्याने बरोबर तो "बहुतेक" पकडला. प्रूफ वाचणारा माणूस.

मग खोटं कशाला बोला. मार्कच्या शेवटच्या अध्यायात नवव्या ओवीपासून विसाव्यापर्यंतचा भाग त्या दोन्ही जुन्या प्रतींत नाही आणि माझ्या बायबलात तशी तळटीप छापलेली आहे, ड्रॉवरमध्येच होतं, दाखवलं. चाचा चाट पडले. "तुम्ही स्वतःच छापता?" त्यांना तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला आणि मला तो प्रामाणिकपणा वाटतो, आणि मला नाही वाटत यात आमच्यापैकी कुणी हललं. पुतण्याने सांगितलं की त्यांच्याकडे तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात एक प्रमाण प्रत तयार झाली, ती शहराशहरांत पाठवली आणि बाकीचे लिखाण जाळून टाकलं, आणि पाठांतर तर चालूच होतं. म्हणजे प्रेसच्या भाषेत त्यांच्याकडे फायनल प्रूफ निघालं. आमच्याकडे कुणी काढलंच नाही, हजारो जुनी प्रूफं तशीच पडून आहेत आणि विद्वान लोक ती जुळवत बसलेत.

मग चाचांनी विचारलं, ईसा कुठली भाषा बोलायचे? मी म्हटलं अरामी. आणि ही चार पुस्तकं? ग्रीक. "म्हणजे त्यांचे खरे शब्द तुमच्याकडे नाहीतच."

हे मला लागलं, कारण खरं आहे. आमच्याकडे भाषांतराचं कुणाला काही वाटत नाही, पहिलं पान ग्रीक तेच मुळात भाषांतर, म्हणून तर तिकडे बंगालमधल्या सेरामपूरला बसून मिशनरी केरीने १८११ ला नवा करार मराठीत काढला आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. माझ्या आजीला कधी वाटलंच नाही की देव मराठी सोडून दुसरं काही बोलत असेल. चाचांचं कुराण मात्र अरबीतच कुराण, मराठीत आलं की तो फक्त अर्थ.

मी म्हटलं थोडे शब्द आहेत. मेलेल्या मुलीला उठवताना तलिथा कूम. बहिऱ्याला एफ्फाथा. देवाला अब्बा. आणि एक आख्खं वाक्य आहे, एलोई एलोई लमा सबख्थनी, माझ्या देवा तू मला का सोडलंस. चाचांनी विचारलं हे कधी म्हणाले? मी म्हटलं वधस्तंभावर.

कुणी काही बोललं नाही. मशीन चालू होतं.

दुसरा लॉट आला, पुतण्याने यावेळी पहिल्याच कागदावर बोट फिरवून पाहिलं, जेर जागेवर होता. चाचांनी खराब गठ्ठा सुतळीने बांधला. मी विचारलं याचं काय करणार, म्हणाले मातीत पुरायचा, साफ जागी, जिथे कुणाचा पाय पडणार नाही. पाचशे कागद, एकेका रेघेने चुकलेले, तरी. आणि मला आठवलं की सीबीएस बसस्टँडला आमची माणसं शुभवर्तमानाची पत्रकं वाटतात ती मी स्वतः छापलेली आहेत आणि तीच परत शेंगदाण्याची पुडी होऊन माझ्या हातात आलेली आहेत, आणि मी ती पुडी खाऊन बोळा करून फेकलीय, मनाला काही न लागता.

चाचांनीही तेच विचारलं, "तुमच्यात काय फेकत नाहीत?"

मी विचार केला आणि म्हटलं भाकर. प्रभुभोजनाची, येशूचं शरीर म्हणून देतात ती. उपासना संपल्यावर उरलेली भाकर आणि द्राक्षारस पाळक तिथेच उभे राहून संपवतात, प्याला पाण्याने धुऊन ते पाणीसुद्धा पितात, कण खाली पडू देत नाहीत. लहानपणी मला वाटायचं त्यांना भूक लागली असेल.

चाचा म्हणाले, "कागद नाही, भाकर."

मी म्हटलं, शब्द आमच्याकडे माणूस झाला ना चाचा, योहानाच्या पहिल्याच पानावर आहे. तुमच्याकडे किताब झाला. आम्ही उगाच तुमच्या किताबेशी आमची किताब घासून बघत होतो इतका वेळ.

ते पटलं असं ते म्हणाले नाहीत, नाही पटलं असंही नाही. गठ्ठा स्कूटरच्या पुढे पायाशी ठेवायला पुतण्या वाकला तर चाचांनी त्याला अडवलं, पायाशी नको, आणि मांडीवर घेऊन मागे बसले. मग जाता जाता ओरडून म्हणाले, पहिल्या पाचशेचा कागद निम्मा माझ्या बिलात लाव, पण छपाई नाही हां, फॉन्ट तुझ्या मशीनने खाल्ला.