बंबात न गेलेले कागद

दाभोळच्या जेटीवर फेरीबोट लागायला अवकाश होता. गाडी रांगेत लावून मी टॅबवर अ‍ॅन लिस्टरच्या रोजनिशीचं एक पान उघडलं. गेली दोन वर्षं वेळ मिळेल तशी ही पानं वाचते आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या अभिलेखागाराने ती स्कॅन करून सगळ्यांना खुली केली आहेत. २६ खंड, सुमारे ५० लाख शब्द.

हॅलिफॅक्स गावाजवळच्या शिब्डन हॉल या वाड्याची ही मालकीण (१७९१–१८४०) हवामान लिहायची, कोळशाच्या खाणींचे व्यवहार लिहायची आणि मधेच लिपी बदलायची. ग्रीक अक्षरं, गणितातल्या खुणा, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. साधारण सहावा हिस्सा असा आहे आणि तिची बायकांवरची प्रेमं बहुतेक तिथेच आहेत. लहानपणी आम्ही बहिणी मोठ्यांसमोर ‘च’ची भाषा बोलायचो, करपल्लवी करायचो. आम्हाला तो खेळ होता. तिला तो जन्मभर निभवावा लागला.

या लिपीची सुरुवात शाळेतली. यॉर्कच्या वसतिगृहात माळ्यावरच्या एका खोलीत तिच्यासोबत एलायझा रेन राहायची. एलायझा मद्रासेत जन्मलेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्जनची आणि एका भारतीय बाईची मुलगी. दोघींच्या गुप्त अक्षरांची जुळणी तिथली. पुढे अ‍ॅन दुसऱ्या बायकांच्या प्रेमात पडली आणि एलायझाला १८१४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. ती १८६० पर्यंत जगली. अ‍ॅनच्या धाडसाचं मला फार अप्रूप आहे, पण रात्री आठवते ती एलायझा.

वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरले. तिथून गुहागर. काकूच्या घराच्या मागच्या दारी पोफळी, त्यापलीकडे सुरूचं बन आणि समुद्राचा आवाज. मी आले होते माईसाठी. माई म्हणजे आजीची धाकटी बहीण, शाळामास्तरीण. मासिकांत कथा लिहायची. शाळेतल्याच दुसऱ्या बाईंबरोबर तिने सगळी हयात काढली. माईच्या आजारपणात उशाशी त्याच होत्या. तेराव्याला मात्र ओटीच्या कडेला बसून राहिल्या.

“काकू, माईची पत्रं कुठे आहेत?”

“अगो, ती कधीच बंबात गेली. साफसफाई काढली होती ना.”

दोघींचं नातं काय होतं ते मी परस्पर ठरवणार नाही. ज्यावरून ते कळलं असतं तेच आपण आंघोळीच्या पाण्याखाली जाळलं, याचं मात्र रडू येतं.

संध्याकाळी ओटीवर काकूला लिस्टरची गोष्ट सांगितली. १८९० च्या दशकात घराण्यातल्या जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी ती लिपी उकलली. एका चिठोऱ्यावर ‘देवावरच माझी’ इतकं वाचता येत होतं, पुढचा शब्द सांकेतिक. तो ‘आशा’ असणार असा त्यांनी अंदाज केला आणि किल्ली सापडली. मजकूर वाचल्यावर बरेल म्हणाला, जाळून टाक. जॉनने त्या वह्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे ठेवल्या. म्हणून १९८८ साली हेलेना व्हिटब्रेड यांना त्यातला निवडक भाग छापता आला.

लिस्टरची जोडीदार अ‍ॅन वॉकर, तिचंही सांगितलं. १८३४ च्या ईस्टरला दोघींनी यॉर्कच्या चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला, लिस्टरच्या लेखी तेच लग्न. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या जॉर्जियात, कुताइसीला लिस्टर तापाने गेली, तेव्हा वॉकरने तिचा देह महिनोन् महिने प्रवास करून हॅलिफॅक्सला आणला.

“इतक्या लांबून?” काकूने विचारलं. मग बराच वेळ काही बोलली नाही. उठून आत गेली आणि फडताळातून एक वही घेऊन आली. माईची, पाककृतींची. लागते म्हणून राहिलेली. आंबोशीचं लोणचं, काकडीचं धोंडस, सगळं माईच्या ठसठशीत अक्षरात. फणसाच्या सांदणांखाली मात्र दुसरं, बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं: ‘हिला गूळ बेताचा.’

मी एकेका पानाचे फोटो काढले. कडांना कसर लागली होती. काकू कडुनिंबाचा पाला आणायला मागच्या दारी गेली.