पाळतीसाठी इव्हेंट कॅमेरा

इव्हेंट कॅमेरा फ्रेम, म्हणजे एकामागून एक पूर्ण चित्रं, काढतच नाही. आपल्या डोळ्यातल्या पडद्यासारखं याचंही लक्ष बदलाकडे असतं. पिक्सेलवरचा उजेड बदलला की जागा, मायक्रोसेकंदातली वेळ आणि उजेड वाढला की घटला, एवढंच तो कळवतो; अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक इव्हेंट.

खरी डोकेदुखी ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे. अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि डेटा तुंबतो. आधी ही लुकलुक गाळणारा फ्लिकर फिल्टर लावा, मगच थ्रेशोल्डला (उजेड किती बदलला की नोंद करायची, त्या मर्यादेला) हात घाला. नुसता थ्रेशोल्ड वाढवलात तर लुकलुक दबते, पण अंधुक हालचालही गायब होते. रात्रीचे खोटे इव्हेंट एकटेदुकटे येतात; काही मिलिसेकंदांत शेजारच्या पिक्सेलची साथ नसेल तर ते गाळा.

निश्चल उभा माणूस याला दिसत नाही, म्हणून सोबत साधा कॅमेरा हवाच.