सारणाचा पाव आणि गेलेली लाईट

गणपती गेले की आमच्याकडे फ्रीजमध्ये दोन गोष्टी हमखास उरतात, मोदकाचं सारण वाटीभर आणि हळदीची पानं. सारण मी चमच्याने येताजाता खाऊन संपवायचो, पानं सुकून जायची. पण गेल्या वर्षी घरात सावरडोचं, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता घरच्या आंबवणावर फुगवलेल्या पावाचं, खूळ होतं, त्यामुळे वाटलं की हे सारण पावात का नको, म्हणजे दालचिनी रोल करतात ना तसं, फक्त दालचिनी-साखरेच्या जागी गूळ-खोबरं-जायफळ. जमलं, पण पहिल्या फटक्यात नाही आणि शेवटी जमलं तेही ओव्हनमध्ये नाही, ते सांगतो पुढे.

आधी बरणीबद्दल. मालवणला परत राहायला आलो तेव्हा पहिल्या मे महिन्यात स्टार्टर, म्हणजे पाव फुगवायचं ते आंबवण, बरणीत करायला घेतला. गव्हाचं पीठ आणि पाणी समान, रोज अर्धं काढायचं आणि नवीन पीठ-पाणी घालायचं, एवढंच असतं. दुसऱ्या दिवशी बरणी अशी उसळली की मी फोटोबिटो काढले. चौथ्या दिवशी सगळं गार, एक बुडबुडा नाही. आईने येऊन वास घेतला आणि म्हणाली, "झिला, ह्या मेला काय रे?" मलाही तेच वाटलेलं. पण होतं काय की सुरुवातीची ती उसळी यीस्टची नसतेच, पिठातले दुसरेच बॅक्टेरिया आधी धुडगूस घालतात, मग आंबटपणा वाढला की ते मरतात, आणि त्यानंतर सावकाश खरं यीस्ट आणि आंबट करणारे लॅक्टोबॅसिलस बस्तान बसवतात. म्हणून मधले ते मेल्यासारखे दिवस नुसते काढायचे असतात, बहुतेक लोक नेमकं तिथेच बरणी धुवून टाकतात. माझी आठव्या दिवशी परत उठली. आई तिला स्टार्टर म्हणत नाही, इरजण म्हणते, आणि खरं सांगायचं तर तोच शब्द बरोबर आहे.

मग पहिला साधा पाव. रेसिपी कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाची होती, त्यात लिहिलेलं की पीठ रात्रभर ओट्यावर ठेवा, १० ते १२ तास. ठेवलं. मे महिना, आमच्या स्वयंपाकघरात रात्री दहा वाजता सुद्धा ३० डिग्री. सकाळी बघतो तर पीठ भांड्यातून उतरून फडक्याला, फडक्यातून ओट्याला, आणि मध्ये जे उरलेलं ते पळीवाढं, ओढलं तर तार धरत नाही, तुटतंय. आई म्हणाली, "वास बघ, माडी फुगली तशी." आणि टाकू दिलं नाही. "ह्येचे घावणे घालूया." तांदळाचं पीठ घातलं, कांदा, हिरवी मिरची, मीठ, आणि बिडाच्या तव्यावर घातले, जाळी काय पडली म्हणून सांगू. त्या आठवड्यात आम्ही तीन वेळा फसलेला पाव घावणे म्हणून खाल्ला.

माडीचा वास आला म्हणाली ते काही उगाच नाही. आमच्या शेजारी गोव्यात पोर्तुगीजांचा पाव आला तेव्हा तो फुगवायला माडीच वापरायचे, ताडामाडाच्या रसात यीस्ट आपोआप असतंच. म्हणजे आंबवलेला पाव हा काही आपल्या किनाऱ्यावर कालपरवा मोबाईलमधून आलेला नाही.

तर गडबड घड्याळाची होती. रेसिपीतली वेळ २२-२३ डिग्रीच्या खोलीची असते, आणि तापमान ८-१० डिग्रीने वाढलं की आंबण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, ते १०-१२ तास आमच्याकडे पाच-सहा. शिवाय बरणीसुद्धा, एक भाग इरजण, एक भाग पीठ, एक भाग पाणी असं भरलं तर तीन तासात चढून उतरायला लागायची, मी ऑफिसच्या कॉलवर असेपर्यंत खेळ खलास. आता रात्री एकास पाच-पाच घालतो तेव्हा कुठे सकाळपर्यंत टिकते. गंमत म्हणजे १८९६ नंतर युकॉन-अलास्काकडे सोनं शोधायला जी माणसं गेली ती स्टार्टर गारठू नये म्हणून अंगाशी धरून झोपायची, इतकं की अलास्कात मुरलेल्या जुन्या माणसाला अजून सावरडोच म्हणतात. आणि इथे मी बरणी घेऊन घरभर गार कोपरा शोधत फिरतोय. शेवटी सापडला तो माठाच्या बाजूला, आणि बरणीखाली पाण्याची थाळी, कारण मुंग्या.

आईला आंबोळीचं पीठ कधी घड्याळ लावून आंबवताना मी बघितलेलं नाही. झाकण उचलते, बघते, डाव घालून हलवते, आणि पावसात "आज येवचा नाय लवकर" म्हणून पातेलं चुलीच्या बाजूला सरकवते. मी हे चाळीस वर्षं बघितलं आणि तरी इंटरनेटवरच्या माणसाचं घड्याळ खरं मानलं. असो.

गोड पावाचं वेगळं दुखणं असतं. थोडी साखर यीस्टला आवडते पण जास्त झाली की साखर पिठातलं पाणी स्वतःकडे ओढते आणि यीस्ट तहानलेलं राहतं, पीठ फुगायला कंटाळा करतं. एकूण पिठाच्या १० टक्क्यांपर्यंत गूळ मला चालला, एकदा २० टक्के घातला तर सहा तास झाले तरी हुं की चूं नाही. म्हणून गोडवा पिठात कमी आणि सारणात जास्त. दुसरं म्हणजे आंबटपणा. साध्या पावात आंबट बरं लागतं, पण नारळ-गुळाबरोबर जास्त आंबट झालं तर नारळ खवट झालाय की काय अशी शंका येते. इटलीत मिलानचा तो पॅनेटोने करतात, बेदाणे वगैरे घातलेला उंच गोड पाव, तोही अशाच नैसर्गिक इरजणाचा असतो, पण ते इरजण सैल नसतं, कणकेसारखं घट्ट ठेवतात. घट्ट आणि वरचेवर ताजं केलेलं असलं की आंबट कमी होतं. मी त्यावरून एवढंच घेतलं की आदल्या दिवशी इरजणाला दोनदा पीठ-पाणी खायला घालायचं, दुसऱ्यांदा पाणी निम्मं आणि चमचाभर साखर. फरक पडतो, खरंच पडतो.

दालचिनी मी मुद्दाम टाळली. ती पिठात मिसळली तर यीस्टला दाबते. आणि दालचिनी कशाला, वाडीत माडा-पोफळीच्या सावलीत जायफळाची दोन झाडं आहेत.

माप असं. मैदा ३५० ग्रॅम, गव्हाचं पीठ ५०, ते घट्ट इरजण ९०, नारळाचं घट्ट दूध १२० मिली, पाणी १२०, गूळ ४०, मीठ ८ ग्रॅम. पाणी कोमट करून त्यात गूळ विरघळवायचा आणि गाळायचा, गाळा खरंच, उसाची चोयटी निघतात. गार झाल्यावरच इरजण घाला. पावसाळ्यात मैदा डब्यातच ओल धरतो म्हणून त्यातलं २० मिली पाणी मी हातचं राखतो आणि लागलं तरच घालतो. मळून अर्धा तास तसंच, मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजूंनी ओढून घडी घालायची, असं चार वेळा. नारळाच्या दुधातल्या स्निग्धपणामुळे हे पीठ हाताला इतकं छान लागतं की मी एखादी घडी जास्तच घालतो. मग दीडपट होईपर्यंत थांबायचं, दुप्पट नाही, कारण इतक्या उकाड्यात पीठ फ्रीजमध्ये गेल्यावरसुद्धा गार होईपर्यंत फुगत राहतं. मला चार ते पाच तास लागतात, तुम्हाला किती ते तुमचं पीठ सांगेल.

सारणाचा पाव पहिल्यांदा केला तेव्हा मोदकातलं सारण होतं तसंच पसरलं, गुंडाळलं, भाजलं. वरून सुंदर. कापला तर आत भगदाड, सारण खाली बसलेलं, वर पावाची कमान, आणि खालचा थर गिचगिचीत कच्चा. गूळ बाहेर येऊन ट्रेवर जळला तो घासायला मला दोन दिवस लागले. मोदकाला ओलसर सारण लागतं, पावाला ते चालत नाही, त्याची वाफ होते आणि थर सुटे करते. आता उरलेलं सारण परत कढईत घालतो, चमचाभर तांदळाची पिठी आणि भाजलेली खसखस घालून हाताला मोकळं लागेपर्यंत परततो, पूर्ण गार करतो. वाटीभर, साधारण २०० ग्रॅम, त्याहून लोभ नको. कडेला दोन बोटं जागा सोडायची आणि घट्ट गुंडाळायचं. काजू वरून, तुकडा काजू चालतो, आमच्या कुंपणाला वेंगुर्ला-४ जातीच्या काजूचं झाड आहे त्याचे अख्खे गर आई पाहुण्यांसाठी राखून ठेवते त्यामुळे मला तुकडाच मिळतो.

साच्याला तूप लावून तळाला आणि बाजूंना हळदीची पानं लावायची, गुळगुळीत बाजू पावाकडे, आणि वर गुंडाळी ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी दीड-दोन तास बाहेर, कडेपर्यंत आलं की १९० डिग्रीला ४०-४५ मिनिटं. गुळामुळे वरचं लवकर काळवंडतं म्हणून वीस मिनिटांनी फॉइल झाकायचा.

हे मी सगळं नीट केलं गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, आणि बरोब्बर विसाव्या मिनिटाला, मी फॉइल हातात घेऊन उभा असताना, लाईट गेली. पाऊस असा की अर्ध्या तासात येण्याचं नावच नको. ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेवरचा ओव्हन, गार व्हायला कितीसा वेळ लागतो. पाव फुगून बसलेला, वर फिक्कट पिवळा, आत नक्की कच्चा. मी आपला ओटीजीच्या काचेला हात लावून उभा.

आई न्हाणीकडून ओरडली, "धोंडस कसा भाजतत ता इसारलंय?"

धोंडस म्हणजे तवसाचा, मोठ्या पिकलेल्या काकडीचा, तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेला आमचा जुना केक, कोणी तवसळी म्हणतात. आजी तो पातेल्यात करायची, खाली चुलीवर मंद आग आणि झाकणावर निखारे. तिकडचे लोक सावरडो भाजायला जे जाड झाकणाचं ओतीव भांडं हजारो रुपयांना घेतात ना, ते काम इथे जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टोपावर उलटं झाकण ठेवून होत आलंय. पाणी तापवायची चूल चालूच होती. आईने नारळाची सोडणं बाजूला केली, धूर फार करतात म्हणून, आणि करवंट्यांचे निखारे पुढे ओढले. मोठ्या टोपात तळाला वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर माझा साचा, वर झाकण, झाकणावर निखारे. मी म्हटलं किती मिनिटं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

मध्ये एकदा तिने झाकणाला पाण्याचा थेंब मारून बघितला, अर्धे निखारे उतरवले. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "काढ." सळई घालून बघितली, कोरडी आली. वर रंग ओटीजीत येतो त्याहून गडद, एका बाजूला जरा जास्तच, झाकण तिरकं होतं तिथे. हळदीच्या पानांचा वास पार पडवीपर्यंत.

गरम असताना कापू नका हे सगळे सांगतात ते खरं आहे, आत वाफ असते आणि पाव चिकट लागतो, सारणाचा तर आणखीच. आम्ही दोन तास थांबलो, लाईट तेवढ्यात आली सुद्धा. भगदाड नव्हतं. गुळाची तपकिरी गोल रेघ, मध्ये खोबरं, पाव मऊ, अगदी शेवटी जिभेवर हलका आंबट, आणि सगळ्याला थोडा धूर. आईने अर्धा तुकडा चहाबरोबर खाल्ला. "बरो आसा. पण धोंडस तो धोंडस."

एक सांगायचं राहिलं, हा पाव बाहेर ठेवून विसरू नका. साधा सावरडो आंबटपणामुळे बऱ्यापैकी टिकतो पण यात ओलं खोबरं आहे आणि आमच्याकडची हवा सप्टेंबरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी आणते. त्याच दिवशी कापून फ्रीजरमध्ये, आणि लागेल तसा तव्यावर तुपात.

त्यानंतर ओटीजीत दोनदा केला, चांगला झाला, पण धूर नव्हता. यंदा गणपतीला अजून महिना आहे आणि आईने पडवीत करवंट्या वाळत घातल्यायत, दोन पोती. विचारलं तर म्हणते आंघोळीच्या पाण्याला.