मी जावेचं औषध खात होते

आमचं घर मालवण तालुक्यात, खाडीच्या अंगाला. पाऊस लागेपर्यंत घरगुती खानावळ चालते, नंतर पर्यटक जातात आणि आम्ही दोघी जावा लावणीला उतरतो. गेल्या वर्षी ऐन लावणीत मला खाज सुटली. कुठे ते स्पष्टच लिहिते, योनीच्या तोंडाशी आणि आत. हात चिखलाने भरलेले, बांधावर गडीमाणसं, आणि मी दात आवळून भाताची रोपं लावतेय. लघवीला बसलं की आग व्हायची. अंगावरून पांढरं जायचं, फाटलेल्या दह्यासारखं गाठीगाठीचं. वास मात्र नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "उष्णता झाली असतली. धन्याचा पाणी पी." आठ दिवस प्यायले. धण्यांचा काही दोष नाही, पण खाज हलली नाही.

मग औषधाचं दुकान गाठलं. मागे रांगेत गावातलेच लोक. मी खालच्या आवाजात "अंगावरून जातंय" एवढंच म्हटलं, त्याने मेट्रोनिडाझोलची, म्हणजे जिवाणूंवरच्या गोळ्यांची, पट्टी कागदात गुंडाळून दिली. पाच दिवस तोंडाला पत्रा चाटल्यासारखी चव, खाज तिथेच. शेवटी ह्यांची नायट्याची ट्यूब लावली. तीन दिवस इतकं बरं वाटलं की मी सासूबाईंना सांगूनही टाकलं. चौथ्या दिवशी कातडी लाल होऊन चिरा पडल्या. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि बुरशीला आतल्या आत वाढू देतं, हे नंतर कळलं.

जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माझंही जातंय गो, दोन महिने." त्यांचं पातळ, राखाडी, खाज जवळजवळ नाही, पण वास माशाचा. आमच्या घरात रोज सुरमई-बांगडा साफ होतो. त्यांना वाटायचं वास हाताला, साडीला लागलाय. म्हणून त्या साबणाने आतपर्यंत धुवायच्या. वास वाढला की आणखी धुवायच्या.

दोघी मिळून कुडाळला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. एकटी असते तर मी बसस्टँडवरूनच परतले असते. बाईंनी आम्हाला जे विचारलं ते दुकानात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं: रंग कसा, घट्ट की पातळ, वास आहे का, खाज आहे का, संबंधांनंतर वास वाढतो का. तपासून त्यांनी स्राव एका कागदी पट्टीवर टेकवला. निरोगी योनी आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण 4.5 च्या आत. तिथले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, लॅक्टिक आम्ल बनवतात आणि बाकीच्यांना दाबून ठेवतात. माझी पट्टी 4.5 च्या आत, जाऊबाईंची वर.

माझी ती बुरशी, कँडिडा. ती थोडीफार अनेकींच्या अंगात असतेच, संधी मिळाली की माजते. मला बुरशीवरच्या क्लोट्रिमाझोलच्या, योनीत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या, झोपताना एक, सात रात्री. जाऊबाईंना चांगले जिवाणू कमी होऊन दुसरे वाढल्याचा संसर्ग, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. आत धुतल्याने तो आणखी चिघळला होता. औषध मेट्रोनिडाझोल, दिवसातून दोनदा, सात दिवस. मी वाचली चिठ्ठी आणि हसायलाच आलं. माझ्या तोंडात पत्र्याची चव आणणारी ती गोळी खरं तर त्यांना हवी होती.

तिसरा प्रकार बाईंनी तोंडी सांगितला. पिवळट-हिरवट, फेसाळ, घाण वासाचं जात असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो. तो संबंधांतून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा येतो. आणि ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, मधेच रक्त दिसतंय किंवा दिवस राहिलेत, तर घरचे उपाय करत बसायचं नाही.

"हे पहिल्यांदाच का?" बाईंनी विचारलं. नव्हतं. मे महिन्यातही झालं होतं, आपोआप कमी झालेलं. मग त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला लावल्या. मला मधुमेह आहे, आणि एप्रिलमध्ये गोळी बदलून डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झालं होतं. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि ती साखर बुरशीला आयतं खाद्य. गोळी स्वतःहून बंद करू नका, साखरेच्या डॉक्टरांशी बोला, असं त्यांनी बजावलं. डॉक्टरांनी ती बदलली. त्यानंतर हा पावसाळा कोरडा गेला, म्हणजे माझ्यापुरता.

बदललं ते असं. आत काहीही धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. शेतातून आल्यावर ओले कपडे लगेच उतरवायचे. आणि पडवीतली दोरी. आमच्याकडे चड्ड्या कायम परकराखाली लपवून वाळत घालतात, जुलैत त्या चार-चार दिवस दमट राहायच्या आणि तशाच अंगावर चढायच्या. आता त्या न लपवता, पडवीतच चुलीजवळच्या दोरीवर असतात. सासरे पहिले दोन दिवस पडवीत आलेच नाहीत.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण एका संध्याकाळी तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाल्या, "माका पण खाज येता गो. पाळी गेली तेव्हापासून." पुढच्या बुधवारी त्यांना घेऊन गेले. त्यांना जंतूच नव्हते. पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, त्याची आग. त्यांना मलम मिळालं. धन्याचं पाणी त्या अजून पितात, चवीसाठी म्हणे.