हा आकडा पाठवतो कोण?

गेल्या महिन्यात बाबांच्या ई-मेल खात्याला मी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉग-इन करताना पासवर्डखेरीज लागणारा कोड दाखवणारे ॲप, जोडून दिले. लॅपटॉपच्या पडद्यावरचा क्यूआर कोड त्यांच्या फोनने स्कॅन केला, ॲपमध्ये खात्याचे नाव उमटले आणि त्याखाली सहा अंक दिसू लागले. अंकांशेजारचे लहानसे वर्तुळ हळूहळू रिकामे होत गेले आणि ते पुरते रिकामे होताच आकडा बदलला. बाबांनी तो तीन-चार वेळा बदलताना पाहिला आणि मग विचारले, "हा आकडा पाठवतो कोण?"

"कोणीच पाठवत नाही, बाबा. तो तुमच्या फोनमध्येच तयार होतो."

त्यांना हे पटले नाही, आणि न पटणे स्वाभाविक होते. म्हणून मी फोनचा फ्लाइट मोड सुरू केला, वाय-फायही बंद असल्याची त्यांना स्वतः खात्री करून घ्यायला सांगितले आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. आकडा पूर्वीसारखाच दर तीस सेकंदांनी बदलत राहिला. त्यांनी त्यातला एक लॅपटॉपवर टाइप केला आणि खाते उघडले. "मग तिकडे कसे कळले, की माझ्या फोनमध्ये हाच आकडा आहे?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. आज लिहायला बसले आहे ती याच प्रश्नासाठी, कारण ऑथेंटिकेटर वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे होतात, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

ओटीपीबद्दल बोलताना आपण 'आला का', 'अजून आलाच नाही', 'पुन्हा मागव' असे म्हणतो. एसएमएसने मिळणाऱ्या ओटीपीच्या बाबतीत ही भाषा अगदी बरोबर आहे. तो सर्व्हरवर तयार होतो, टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यातून प्रवास करतो आणि मग आपल्या क्रमांकावर पोहोचतो. त्याचा धोकाही या प्रवासातच आहे. कोणी टेलिफोन कंपनीची दिशाभूल करून आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम मिळवले, तर आपला फोन हातात असूनही कोड मात्र त्या परक्या सिमवर जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत टेलिफोन जाळ्यावरून पाठवलेल्या कोडचा वापर निर्बंधित प्रकारात टाकला, त्यामागे अशीच कारणे होती. ऑथेंटिकेटरमधला कोड येत नाही आणि जातही नाही. तो जागच्या जागी मोजून काढला जातो.

हे मोजणे कसे चालते, ते एकदा सावकाश समजून घेण्यासारखे आहे. सुरुवातीला आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात त्या खात्यापुरती बनवलेली एक गुप्त किल्ली असते. क्यूआर कोडखाली 'स्कॅन होत नसेल तर हे टाइप करा' असे म्हणून अक्षरांची जी लांबलचक ओळ दिलेली असते, ती हीच किल्ली होय. तिच्यात इंग्रजी अक्षरे आणि २ ते ७ एवढेच अंक असतात. शून्य आणि एक यांची काही अक्षरांशी गल्लत होऊ शकते, म्हणून ते त्यात नसतात. स्कॅन करताच किल्लीची एक प्रत फोनमध्ये उतरते आणि दुसरी सर्व्हरवर राहते. त्यानंतर या दोघांना एकमेकांशी बोलण्याची गरजच उरत नाही.

दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे वेळ. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद उलटले हे फोन मोजतो, त्याला ३० ने भागतो आणि आलेला पूर्णांक घेतो. हा पूर्णांक आता पावणेसहा कोटींच्या पुढे गेला आहे आणि दर अर्ध्या मिनिटाला तो एकाने वाढतो. किल्ली आणि हा पूर्णांक यांच्यावर एचमॅक नावाची प्रक्रिया केली की सामान्यतः २० बाइटची एक विस्कटलेली संख्या हाती येते. तिच्या शेवटच्या चार बिटांवरून कोठून सुरुवात करायची ते ठरते, तेथून चार बाइट उचलले जातात, त्यांतला पहिला बिट सोडून दिला जातो आणि उरलेल्या संख्येला दहा लाखांनी भागून जी बाकी राहते, तीच आपल्याला पडद्यावर सहा अंकांत दिसते. सर्व्हरही आपल्याकडच्या किल्लीवर आणि आपल्या घड्याळावर हाच हिशेब करतो. दोन्हीकडचे उत्तर जुळले की दार उघडते. या हिशेबाचे आजचे प्रमाणित रूप मे २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाले. घड्याळाऐवजी नुसती क्रमाने वाढणारी संख्या वापरणारे त्याचे आधीचे रूप २००५ मधले आहे. पद्धत सर्वांसाठी खुली असल्यामुळे एका कंपनीच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीच्या खात्याचा कोड बिनबोभाट चालतो.

बाकी म्हणून निघालेला आकडा कधी कधी लहान असतो आणि मग त्याच्या डावीकडे शून्ये भरली जातात. बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः लॉग-इन करून पाहिले, तेव्हा त्यांच्या पडद्यावर शून्याने सुरू होणारा कोड होता. सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते या शाळेत शिकलेल्या नियमाला धरून त्यांनी पाचच अंक टाइप केले, आणि कोड चुकीचा ठरला. येथे मात्र सहाही अंक हवेत, शून्यासकट.

हिशेब कळला की त्यातले अडथळेही कळतात. कोड बरोबर टाइप करूनही वारंवार नाकारला जात असेल, तर सर्वांत आधी फोनचे घड्याळ पाहावे. सर्व्हर साधारणपणे एखाद्या टप्प्याची, म्हणजे तीस सेकंदांची, सवलत देतो. घड्याळ दोन-तीन मिनिटे पुढेमागे असेल तर फोन आणि सर्व्हर वेगवेगळ्या पूर्णांकांवर हिशेब करत राहतात आणि उत्तरे जुळत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू केला की हा प्रश्न बहुधा सुटतो. पुष्कळ लोक अशा वेळी वैतागून ॲपच काढून टाकतात. तसे कधीही करू नये, कारण ॲप काढले की त्यातल्या किल्ल्याही जाऊ शकतात.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते, कारण असा प्रसंग माझ्यावर येऊन गेला आहे. काही वर्षांपूर्वी मी फोन बदलला. छायाचित्रे, संपर्क, संदेश असे सगळे नव्या फोनवर व्यवस्थित आले, तेव्हा समाधानाने जुना फोन रिसेट केला आणि देऊन टाकला. दोन दिवसांनी लॉग-इन करण्यासाठी नव्या फोनवर ऑथेंटिकेटर उघडले, तर तेथे एकही खाते नव्हते. मधोमध फक्त 'नवे खाते जोडा' असे बटण होते. त्या क्षणी पोटात जो गोळा आला, तो अजून आठवतो. माझी चार खाती त्या ॲपवर होती. दोन खात्यांचे रिकव्हरी कोड, म्हणजे ॲप हाताशी नसताना आत जाण्यासाठी आधीच मिळालेले राखीव कोड, मी छापून ठेवले होते, ती लगेच उघडली. तिसऱ्या खात्यात जुन्या लॅपटॉपवरून आधीच लॉग-इन केलेले होते, त्यामुळे आत जाऊन नवी किल्ली घेता आली. चौथे खाते माझ्या संकेतस्थळाचे होते. ते जोडताना 'मी रिकव्हरी कोड जतन केले आहेत' या वाक्यापुढच्या चौकोनात, कोड जतन न करताच, मी खूण केली होती. त्या सेवेने ओळखीची कागदपत्रे मागितली, ती तपासली, पुन्हा मागितली, आणि अकराव्या दिवशी खाते माझ्या हाती आले. दिरंगाईचा तेव्हा फार राग आला होता. आज विचार करताना वाटते, की माझे खाते एखाद्या अनोळखी माणसाला गोड बोलून तासाभरात मिळाले असते, तर ते अधिक वाईट झाले असते.

म्हणून खाते जोडतानाची ती दोन मिनिटे घाईची नसावीत. रिकव्हरी कोड त्याच वेळी कागदावर उतरवावेत किंवा छापावेत आणि तो कागद जेथे आपली महत्त्वाची कागदपत्रे असतात तेथे ठेवावा. ते कोड त्याच फोनमधल्या नोंदवहीत ठेवून काही साधत नाही; फोन गेला की दोन्ही एकदमच जातात. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून छायाचित्रांच्या गर्दीत राहू देणे तर मला धोक्याचेच वाटते, कारण त्या चित्रात किल्ली उघडी असते आणि ते चित्र ज्याच्या हाती पडेल, त्याच्या फोनवर हुबेहूब आपलेच कोड तयार होऊ लागतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. असा संशय आलाच तर पासवर्ड बदलून भागत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑथेंटिकेटर काढावा आणि पुन्हा जोडावा, म्हणजे नवी किल्ली तयार होते आणि जुनी निकामी ठरते.

किल्ल्यांचा बॅकअप ठेवावा की नाही, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. गूगल ऑथेंटिकेटर २०१० पासून आहे, परंतु गूगल खात्यात किल्ल्या साठवण्याची सोय त्यात एप्रिल २०२३ मध्ये आली, आणि त्या साठवणुकीला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे खुद्द कंपनीलाही वाचता येणार नाही असे कुलूप, नाही अशी टीका तेव्हा लगेच झाली. दुसरीकडे अँड्रॉइडवरचे एजिस हे मुक्त स्रोत ॲप किल्ल्या पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये काढून देते आणि ती फाइल कोठे ठेवायची हे आपल्यावर सोपवते. मी स्वतः दुसरा मार्ग धरला आहे. बाबांसाठी मात्र मी पहिल्या प्रकारचा मार्ग निवडला. ज्या माणसाला फाइल सांभाळण्याची सवय नाही, त्याच्या बाबतीत किल्ली चोरीला जाण्यापेक्षा ती हरवण्याचा संभव कितीतरी अधिक असतो, आणि सुरक्षिततेचा विचार माणूस पाहूनच करावा लागतो.

एका गोष्टीपासून मात्र हा कोड आपले रक्षण करत नाही, आणि ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोड कोणत्या पानावर टाइप होत आहे, हे त्याला कळत नाही. हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे खोटे लॉग-इन पान आपला पासवर्ड आणि कोड घेऊन, तीस सेकंद सरण्याच्या आत, तोच कोड खऱ्या पानावर वापरू शकते. 'तुमचे खाते बंद होत आहे, पडद्यावरचा आकडा सांगा' असा फोन करणारा माणूसही हेच करत असतो. बाबांना मी यासाठी एकच नियम सांगितला आहे: ज्या पानाचा पत्ता तुम्ही स्वतः टाइप केला किंवा जतन करून ठेवला आहे, त्याच पानावर आकडा टाकायचा; आणि तो तोंडी कोणालाही सांगायचा नाही, अगदी मी फोन केला तरीही. पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेल्या किल्लीने लॉग-इन करण्याच्या पासकी या नव्या पद्धतीत ही उणीव भरून निघते, कारण तेथे किल्ली संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि खोट्या पानापुढे ती उत्तरच देत नाही. जेथे पासकीची सोय आहे तेथे ती जरूर घ्यावी.

काही ॲपमध्ये आकडा टाइप करण्याऐवजी 'लॉग-इन करणारे तुम्हीच आहात का' अशी सूचना येते आणि होकाराचे बटण दाबायचे असते. पासवर्ड हाती लागलेला चोर अशा सूचनांचा मारा करतो आणि कंटाळून किंवा झोपेत एखादा होकार दिला जातो. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटरच्या अशा सूचनांत लॉग-इनच्या पडद्यावरचा आकडा फोनवर भरणे सक्तीचे करायला सुरुवात केली, ते यामुळेच.

ज्यांनी अजून हे ॲप वापरलेले नाही, त्यांनी सुरुवात ई-मेलपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ई-मेलवरच येतात, त्यामुळे ते एक दार उघडे राहिले तर बाकीच्या कुलपांना फारसा अर्थ उरत नाही. बाबांचेही आम्ही तेच खाते आधी घेतले.

त्या दिवशी शेवटचे काम रिकव्हरी कोडचे होते. मी छापून देते म्हणाले, पण बाबांनी आपली वही काढली आणि दहाही कोड, एकेक अंक दोनदा पडताळत, स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले. "यातला एक वापरून बघू या. वेळेवर चालला नाही तर काय उपयोग?" ते म्हणाले. मला हे कधी सुचले नव्हते. आम्ही लॉग-आउट केले, ऑथेंटिकेटरऐवजी वहीतला पहिला कोड टाकला आणि खाते उघडले. हे कोड एकदाच चालतात हे मी सांगितल्यावर त्यांनी त्या कोडवर रेघ ओढली, शेजारी तारीख घातली आणि पानाच्या तळाशी लिहिले, 'शिल्लक नऊ'.