डोक्याला लागलं की बाहेर का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नेरुळच्या मैदानावर मुलींना गोलकीपिंग शिकवते तेव्हा आईबाबांचा हा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रक्त नाही, टेंगूळ नाही, ती स्वतः खेळते म्हणतेय. मग बाहेर का बसवलंत?"

माझं उत्तर ब्रियाना स्करीपासून सुरू होतं.

अमेरिकेची ही गोलकीपर. 10 जुलै 1999, पासाडेनाचं रोझ बोल, नव्वद हजारांवर प्रेक्षक. महिला विश्वचषकाच्या फायनलला चीनविरुद्ध जादा वेळेनंतरही 0-0. शूटआउटमध्ये लिऊ यिंगची पेनल्टी स्करीने अडवली, तिथे सामना फिरला आणि अमेरिका 5-4 जिंकली. फोटो गाजला तो शेवटची किक मारणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचा, पण मी मुलींना ती अडवलेली पेनल्टीच दाखवते. 1996 आणि 2004 ची ऑलिम्पिक सुवर्णं, देशासाठी 173 सामने. एवढी मोठी खेळाडू.

25 एप्रिल 2010 ला क्लबच्या एका सामन्यात ती खालून आलेला बॉल घ्यायला वाकली आणि धावत आलेल्या स्ट्रायकरचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली आणि मध्यंतरापर्यंत खेळली. तो तिचा शेवटचा सामना. पुढची तीन वर्षं डोकेदुखी, तोल जाणं, विसरणं, जीव द्यावासा वाटण्याइतकं नैराश्य. उपचारांवरून विमा कंपनीशी वाद. पैशासाठी दोन्ही सुवर्णपदकं गहाण टाकली. घरातलं सोनं गहाण पडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2013 मध्ये डोक्याच्या मागच्या बाजूच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली, मग ती सावरली. पदकं सुटली. 2014 मध्ये तिने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपली कहाणी सांगितली, आणि पुढे तिथल्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही तिचं नाव लागलं.

आता तुमच्या मुलीचं. गोलकीपर समोरच्याच्या पायात झेप घेते, पोस्टवर आदळते, पावसाळा सरला की दगडासारख्या होणाऱ्या आपल्या जमिनीवर पडते. अशा वेळी कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. तो बाहेरून दिसत नाही. सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण त्यात रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, हा हिसका नाही. हेल्मेट घालूनही तो टळेलच असं नाही. आणि "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या मुलीवर मी विसंबत नाही. ठीक आहे की नाही हे ठरवणारा मेंदूच तर दुखावलेला असतो. त्याच अवस्थेत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मग मॅच फायनलची असो.

घरी गेल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ किंवा जागं करायला त्रास होतोय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तसं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. एकदोन दिवस आराम, मोबाईल कमी. मग चालणं, हलकं धावणं, हातात बॉल, असं पायरीपायरीने. डोकं दुखलं की एक पायरी मागे. झेपा सगळ्यात शेवटी, त्याही डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर. तोवर तिने मैदानाच्या कडेला बसून मॅच बघितली तर मला आनंदच आहे. तिची जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, हे तिलाही सांगा.